आतली कडी

त्यांना सगळे किल्लीदार म्हणत. किल्लेदार नव्हे. किल्लेदाराच्या नावावर निदान एखादा पडका किल्ला तरी असतो. यांच्याकडे जन्मभर नुसत्या किल्ल्या होत्या, आणि त्याही सरकारच्या. हे नाव तुरुंगातल्याच एका टवाळ कैद्यानं ठेवलं होतं. तो सुटून कुठल्या कुठे गेला, नाव मात्र मागे राहिलं आणि हळूहळू शेजारपाजाऱ्यांपर्यंत पोहोचलं. किल्लीदारांना त्याचा राग आला नाही. त्यांना तसा कशाचाच राग येत नसे, आणि जिथं राग येणं सगळ्यात सोपं असतं अशा नोकरीत हा मोठाच गुण म्हणायचा.

मिसरूड फुटायच्या वयात ते पहारेकरी म्हणून लागले आणि केस पिकल्यावर घरी आले. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकच काम केलं: दारं उघडली आणि दारं लावली. कुणावर उगाच हात उचलला नाही, कुणाकडून लपूनछपून काही घेतलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस. पण जन्मभर दाराच्या एकाच बाजूला उभं राहिलं की हाताला वळण लागतं. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघत. घरचं कपाट लावलं तरी दोनदा, साखरेच्या डब्याचं झाकण लावलं तरी दोनदा. बायको म्हणायची, "अहो, साखर पळून जायची नाही." ते हसायचे आणि उद्या पुन्हा तेच. आणखी एक सवय होती, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. स्वतःच्या घरातही कुठल्या खोलीत शिरताना त्यांनी दार वाजवलं नव्हतं. उद्धटपणा नव्हे, ज्या दारांशी त्यांचा संबंध आला, तिथं आतल्या माणसाला विचारायची पद्धतच नव्हती.

त्यांना एकच मुलगी. तुरुंगाच्या वसाहतीत वाढली, लग्न करून लांबच्या गावी गेली, आणि ऐन संसारात आजारी पडून गेली. तिच्यामागे नवरा राहिला आणि पहिली-दुसरीतली एक मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत. जावई पुलांच्या कामावर वेल्डर होता. आज या नदीवर, उद्या त्या खाडीवर, महिनोन्‌महिने पत्र्याच्या खोलीत मुक्काम. तिथं लेकराला कुठे ठेवणार? म्हणून मोठी सुट्टी लागल्यावर तो बारकीला घेऊन आजोळी आला.

जावई किल्लीदारांना मामा म्हणत असे. माणूस चांगला होता, पण बायको गेल्यापासून मोजकंच आणि कोरडं बोलायला लागला होता. चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "मामा, सुट्टीपुरती ठेवून बघा. रमली तर इथल्याच शाळेत घालू. नाही रमली तर मी एक वसतिगृह बघून ठेवलंय." मग बारकीपुढे उकिडवा बसून त्यानं तिच्या फ्रॉकचं बटण लावलं. "शहाण्यासारखी राहा. मग बघू." एवढं बोलून तो गेला.

आजी-आजोबांचा जीव त्या एका वाक्यावर टांगून राहिला. रमली तर. मुलीचं म्हणून या जगात आता जे काही उरलं होतं ते अंगणाच्या पायरीवर पिशवी धरून उभं होतं, आणि ते राहणार की जाणार हे सुट्टी संपेपर्यंत ठरणार होतं. मुलगी गेली तेव्हा किल्लीदार रडले नव्हते. लोकांना वाटलं, नोकरीनं माणूस दगड झाला. तसं नव्हतं. कुठे उभं राहून रडायचं हे त्यांना सुचलं नव्हतं इतकंच. आता करण्यासारखं काहीतरी हाताशी आलं होतं, आणि ते कामाला लागले.

घराच्या मागच्या अंगाला एक लहान खोली होती. जुन्या ट्रंका, मोडकी खुर्ची, पाहुण्यांच्या गाद्या असा सगळा अडगळीचा कारभार तिथं होता. किल्लीदारांनी ती रिकामी केली आणि बारकीसाठी सजवायला घेतली. खिडकीची चौकट आकसून फट पडली होती, तिच्यातून वारा शिट्टी घालायचा. ती त्यांनी रबराची पट्टी लावून बंद केली. भिंतीला ओल आली होती, ती खरवडून, वाळवून, फिकट पिवळा रंग दिला. पलंगाचे चारही कोपरे कानशीनं घासून गोल केले आणि त्यावर स्वतःचा गाल फिरवून पाहिला. पुस्तकांची फळी पोरीच्या छातीइतक्या उंचीवर ठोकली. दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. आजीनं जाड कापडाचा पडदा शिवला, म्हणजे दुपारचं ऊन डोळ्यांवर येऊ नये. म्हातारा-म्हातारी त्या खोलीत अशी रमली की शेजारीण म्हणाली, "तुम्हीच जाऊन राहा तिथं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण किल्लीदारांची काळजी इथं थांबली नाही.

खोलीतलं दिव्याचं बटण जुनं होतं, दाबलं की ठिणगी उडायची. पोरीनं ओल्या हातानं दाबलं तर? त्यांनी नवं बटण बसवलं, ते बाहेर, ओटीच्या भिंतीवर. खोलीला लागूनच मागचं दार आणि उतरत्या पायऱ्या. नव्या घरात झोपेतून उठून पोर अर्धवट जागी तिकडे गेली तर? त्यांनी आतली कडी काढून टाकली, कारण ती लावून पोर आत अडकेल, आणि बाहेरून एक भक्कम कडी ठोकली. रात्री, आणि दुपारी पोर निजली की, ती लावायची. पोरीनं हाक मारली की ते आलेच, त्यांची खाट समोरच होती. आणि बारकीची झोप सावध आहे असं जावई सांगून गेला होता. दार उघडलं की ती जागी होणार. म्हणून त्यांनी दारात, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, वहीच्या पानाएवढा चौकोन कापला आणि त्याला बाहेरून सरकती झडप लावली. झडप सरकवायची, पोर झोपलीय ना बघायचं, झडप लावायची.

प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण मायेचं होतं. आजीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचाही सगळा संसार तुरुंगाच्या भिंतीच्या सावलीत झाला होता. तिला ते काम फार सुबक वाटलं.

बारकी रमली असंच दोघांना वाटायला लागलं. पोरगी शहाणी निघाली. हट्ट नाही, रडारड नाही, पानात पडेल ते खायची. सकाळी आजोबा कडी काढायचे तेव्हा ती उठून, चादरीची नीट घडी करून, ती पायथ्याशी ठेवून बसलेली असायची. आजोबांनी "चल" म्हटलं की यायची. बाहेर खेळायला जाऊ का, पाणी पिऊ का, संडासला जाऊ का, सगळं विचारून. आपली पिशवी मात्र तिनं रिकामी केली नव्हती. लागेल तेवढा फ्रॉक काढायची आणि पुन्हा चेन ओढायची. किल्लीदार येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत होते की आमची नात म्हणजे एकदम शिस्तीतली. आजीला मात्र कुठेतरी खटकत होतं. पोर वाळत चालली होती, आणि तिच्या तोंडाला जणू कुलूप लागलं होतं. आजी म्हणाली, "या वयात तुमची लेक घर डोक्यावर घेत होती." किल्लीदार म्हणाले, हिचा स्वभाव बापावर गेलाय.

एका दुपारी जेवणं झाल्यावर आजी आडवी झाली होती. बारकीलाही निजवलं होतं. घर शांत होतं. किल्लीदारांनी सवयीनं जाऊन झडप सरकवली.

बारकी पलंगाच्या काठावर जागीच बसली होती. झडप सरकल्याचा आवाज झाला मात्र, ती खाली उतरली. पलंगाच्या कडेला उभी राहिली. दोन्ही हात अंगाशी सरळ, नजर जमिनीवर. आणि तशीच उभी राहिली.

हे उभं राहणं किल्लीदारांनी जन्मभर पाहिलं होतं. मोजणीच्या वेळी झडप सरकली की आतला माणूस असाच उठतो, असाच हात सरळ करतो, आणि असंच जमिनीकडे बघतो. नव्या माणसाला ते शिकवावं लागतं. या पोरीला कुणीही शिकवलं नव्हतं. ते तिला त्या खोलीनं शिकवलं होतं, आणि खोली तशी कुणी केली हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी कडी काढली. आत जाऊन ते तिच्यासमोर खाली बसले. आधी तीच बोलली.

"आजोबा, माझे अजून किती दिवस राहिलेत?"

"कसले दिवस, बाळा?"

"बाबा म्हणाले होते, शहाण्यासारखी राहा, मग बघू. मी राहतेय ना शहाण्यासारखी?"

हाही प्रश्न त्यांनी ऐकलेला होता. मोठमोठ्या दांडगट माणसांनी त्यांना गजांआडून हळूच विचारलेला. चांगल्या वागणुकीची सूट मिळते, शिक्षेतून दिवस कमी होतात, म्हणून माणसं गाईसारखी गरीब होतात. त्या वेळी ते म्हणत, साहेबांना विचारतो. आता कुठल्या साहेबांना विचारणार? बाहेर जाऊन पेटीतला स्क्रू ड्रायव्हर आणावा एवढंच त्यांना सुचलं.

त्यांनी बाहेरची कडी उतरवायला घेतली. स्क्रू आपणच आवळून बसवलेले, आता निघता निघेनात. बारकी उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती. बाहेर ये असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून आतच. किल्लीदारांनी पहिला स्क्रू काढला आणि धरायला तिच्या हातावर ठेवला. दुसरा ठेवला. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मी आईला त्रास द्यायचे, म्हणून ही शिक्षा होती ना?"

किल्लीदार थांबले. मुलगी गेल्याचं जे रडू इतके दिवस कुठे वाट शोधत होतं कुणास ठाऊक, ते त्या दारात आलं. त्यांनी ते लपवलं नाही. बाहीनं तोंड पुसून ते म्हणाले, "नाही गं. तू काहीसुद्धा केलेलं नाहीस. दार मी उलटं लावलं."

आजी आवाजानं उठून आली. नवरा रडतोय हे दृश्य तिलाही नवीन होतं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या झडपेकडे, आणि कपाळाला हात लावून तिथंच भिंतीला टेकून बसली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

मग पुन्हा काम निघालं, आणि या वेळी कामाची मालकीण बारकी होती. कडी आतून लावायची ठरली. किती उंचीवर? किल्लीदारांनी हात ठेवला की ती मान हलवायची, खाली घ्या. शेवटी तिनंच पेन्सिलीनं खूण केली. आजी घाबरली, पोर आत कडी लावून बसली आणि चक्कर आली तर काय करायचं? किल्लीदारांनी कडी हलकी निवडली आणि आजीला दाखवलं की चौकटीच्या फटीतून पट्टी घातली तर ती बाहेरून उचलता येते. हे बारकीलाही सांगून टाकलं, चोरून काही ठेवायचं नाही म्हणून. "पण विचारल्याशिवाय मी उचलणार नाही," असं म्हणाले. बटणाच्या कामाला वायरमन बोलावला. त्यानं ते पुन्हा आत, पलंगावरून हात पोहोचेल असं बसवलं. जाताना म्हणाला, "आधी बाहेर कुणी बसवलं होतं हो? कोंबड्यांचं खुराडं होतं का?" किल्लीदार म्हणाले, "मीच." वायरमन बिचारा ओशाळला. झडपेच्या चौकोनावर फळी ठोकून, भेगा भरून, त्यांनी वरून रंग दिला. चौकोन तरी थोडा दिसतच राहिला.

सगळ्यात अवघड काम किल्लीदारांचं स्वतःचं होतं. त्यांना दार वाजवायला शिकायचं होतं. पहिल्यांदा ते वाजवून थेट आतच शिरले. आजी म्हणाली, "अहो, वाजवायचं आणि थांबायचं." ते थांबणं त्यांना जमेना. हात पुढे व्हायचा, पाय आत पडायचा, आणि मग आठवायचं. बारकी सुरुवातीला काही बोलायची नाही. मग एकदा त्यांनी वाजवलं तर आतून आवाज आला, "थांबा, मी फ्रॉक बदलतेय." किल्लीदार दाराबाहेर उभे राहिले. ज्या माणसाच्या एका आवाजावर बराकीच्या बराकी उभ्या राहत, त्याला एवढ्याशा पोरीनं दाराबाहेर उभं केलं होतं, आणि त्याला इतकं बरं खूप वर्षांत वाटलं नव्हतं.

तरी ती बोलायला लागली, खिदळायला लागली, असं काही लगेच झालं नाही. पिशवीची चेन बंदच होती. एकदा आजीची बशी तिच्या हातून फुटली तेव्हा भिंतीला चिकटून उभी राहिली होती. कडीही ती कधी लावायची, कधी नाही. आणि सुट्टी संपत आली.

जावई आला तो कामावरूनच, अंगावर तेच जाडजूड चामडी जाकीट. बारकी मागच्या खोलीत होती. ओटीवर बापाचा आवाज आला, आणि पाठोपाठ आत कडी लागल्याचा आवाज आला.

जावयानं हाक मारली. दार ढकललं, उघडेना. तो वळून म्हणाला, "कडी? एवढ्या लहान मुलीच्या खोलीला आतून? मामा, तुम्ही लावून दिलीत?"

किल्लीदार हो म्हणाले.

"बाहेरून उघडता येते का?"

"येते."

"मग उघडा."

पट्टी पेटीत होती, पेटी हाताशी होती. एका झटक्याचं काम. जावयाचा चेहरा लाल झाला होता. त्याला परतायचं होतं, आणि मुलगी बापाला बघून दार लावून घेते हे त्याला लागलंही होतं. किल्लीदारांना ते कळत होतं. आपण नाही म्हटलं तर हा आजच पोरीला उचलून नेईल, आणि तसा त्याला हक्क आहे, हेही कळत होतं.

"मी उघडणार नाही," ते म्हणाले. "जन्मभर मी दुसऱ्यांची दारं उघडत आलो. हे दार तिचं आहे. तुम्ही वाजवा."

जावयानं वळून दारावर बोटांनी टकटक केलं, अगदी हलकं.

आतून आवाज आला, "कोण?"

"मी. बाबा."

मग, "न्यायला आलात?"

वसतिगृहाचं सगळं ठरवून तो आला होता. त्यानं दाराला कपाळ टेकवलं. खूप दिवसांत तो असा बोलला नव्हता. "ठरवून आलो होतो. पण तुला विचारलंच नव्हतं. आता विचारायला आलोय. आत येऊ?"

कडी निघाली. दार त्याच्यापुरतं उघडलं, तो आत गेला, दार लागलं, आणि कडी पुन्हा पडली.

किल्लीदार बाहेर राहिले. हात आपोआप दाराकडे गेला, दोनदा ओढून बघायला. तो त्यांनी मागे घेतला आणि दोन्ही हात बगलेत घालून ते खाटेवर जाऊन बसले. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. आधी बापाचाच आवाज होता. मग तिचा. मग बराच वेळ कुणीतरी रडत होतं, आणि ते मोठं माणूस होतं. आजी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. किल्लीदारांनी डोळे मिटून घेतले. भरतेय, त्यांना वाटलं. चालली.

कडी निघाली. जावई दारात आला. डोळे सुजलेले, आणि जाकीट अंगावरून काढून हातात धरलेलं. त्याच्यामागे पलंगावर बारकीची पिशवी रिकामी पडली होती आणि फळीवर तिच्या कपड्यांच्या वाकड्यातिकड्या घड्या लागल्या होत्या.

"मामा," तो म्हणाला, "एखादी खुंटी आहे का घरात? मी येईन तेव्हा जाकीट टांगायला तिला या खोलीत माझ्यासाठी एक हवीय. माझ्या उंचीवर."

किल्लीदार पेटीकडे वळले. त्यांना नीट दिसत नव्हतं, हातानंच चाचपत होते. तेवढ्यात आतून, कुणालाही न विचारता, खणखणीत आवाज आला.

"स्क्रू लांब आणा, आजोबा. बाबांचं जाकीट जड असतं."